नाताळ, ख्रिसमस आणि शेजारचे ताट

मराठी वर्तमानपत्रांच्या डिसेंबरातल्या पुरवण्या चाळताना एक गोष्ट लक्षात येते. ‘नाताळ’ हा शब्द आता बहुतांशी सुट्टीपुरता उरला आहे. शाळांना नाताळची सुट्टी लागते, सण मात्र ‘ख्रिसमस’ या नावाने साजरा होतो. शब्द येतात-जातात, त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. परंतु कोणता शब्द जाताना आपल्याबरोबर कोणता अनुभव घेऊन जातो, हे पाहणे आपल्यासारख्या भाषा-साहित्याच्या माणसांचे काम आहे. ‘नाताळ’ पोर्तुगिजांबरोबर आला. पाव, चावी, बादली, घमेले, पगार ही त्याची भावंडे. यांपैकी एकालाही आपण परका म्हणत नाही. पोर्तुगीज उच्चारातल्या ‘ल’चा आपल्याकडे ‘ळ’ झाला, आणि ज्या शब्दाला मराठीने ‘ळ’ दिला त्याच्या नागरिकत्वाची चौकशी पुन्हा करू नये असे मला वाटते. ‘ख्रिसमस’ला असे काही झालेले नाही. तो दुकानाच्या काचेवर जसा लिहिलेला असतो तसाच आपल्या वाक्यात येऊन बसतो.

हा शब्दाचा मुद्दा मनात घोळू लागला तो मित्रमंडळींच्या एका बैठकीमुळे. नाशिकमध्ये आम्हा सहा-सात जणांचा एक गट आहे. बहुतेक जण कुठे ना कुठे भाषा शिकवतात किंवा शिकवून निवृत्त झालेले आहेत. पंचवीस डिसेंबर आणि नवे वर्ष यांच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी, नाशिकची थंडी ऐन भरात असताना, कोणाच्या तरी घरी जमायचे असा प्रघात आहे. गटात तिघे ख्रिस्ती आहेत: एक वसईचा, एक मडगावची, आणि एक अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) एका लहान गावातून आलेली. तिघांचा नाताळ तीन प्रकारचा, आणि मराठी साहित्यात या तिन्हींपैकी एकाचेही ठसठशीत चित्र आपण सहज आठवू म्हटले तर आठवत नाही. म्हणून त्यांनी सांगितलेले थोडे विस्ताराने लिहितो.

वसईच्या मित्राच्या घरी सामवेदी बोलतात. त्याच्या नाताळाची सुरुवात गोठ्यापासून होते. आळीतली मुले आठवडाभर आधीपासून पेंढा, माती, बांबू जमवून येशूजन्माचा गोठा उभारत. कोणाचा गोठा सरस यावरून जी भांडणे होत, ती मध्यरात्रीच्या मिस्सेत शेजारी शेजारी गुडघे टेकूनही मिटत नसत. त्याच्या आठवणीत चवीपेक्षा वास अधिक आहे: ओल्या पेंढ्याचा, मेणबत्तीचा, आणि वाडीतल्या केळीच्या पानांचा. वसईत पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे होती. तरी हा मित्र सांगतो त्यात पोर्तुगाल फारसा सापडत नाही. सापडते ती बागायतदाराची वाडी.

मडगावच्या मैत्रिणीकडे चव हाच मुख्य विषय. दोदोल घोटणे हे तिच्या घरात पुरुषांचे काम होते, कारण नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि माडाचा काळा गूळ यांचे ते मिश्रण आटत आले की कालथा ओढायला दंडात जोर लागतो. कलकल मात्र मुलांनी करायचे. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शंखासारखी वळी पडते. कंगवा ‘नवा’ असल्याची खात्री प्रत्येक पाहुण्याला द्यावी लागे, असे ती हसत सांगते. आणि नेवऱ्या. तिच्या हिंदू शेजारणी त्या चतुर्थीला करीत, हिच्या घरी नाताळला होत. दोन्ही घरांतून ताटे एकमेकींकडे जात. नेवरी कोणाची, हा प्रश्न तिच्या आईच्या किंवा शेजारणीच्या मनात कधी आला असेल असे तिला वाटत नाही.

नगरच्या मैत्रिणीचा नाताळ प्रॉटेस्टंट, कोरडवाहू प्रदेशातला आणि गरिबीतला. तिच्या घराण्यात चर्चला अजून ‘देऊळ’ म्हणतात, आणि भेटल्यावर ‘सलाम’ करतात. दारावर लागणारी चांदणी बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांची असे. दिवाळीनंतर स्वस्तात मिळालेला आकाशकंदीलही चाले. पहाटे मंडळी पेटी, ढोलकी आणि टाळ घेऊन घरोघरी गात जात. ‘उपासना संगीत’ मधली पदे म्हणत, त्यांत नारायण वामन टिळकांची बरीच. प्रत्येक घरी चहा. शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत गाणाऱ्यांचे आवाज बसलेले आणि पोटे चहाने तुडुंब भरलेली. फराळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि बरे वर्ष असेल तर बुंदीचे लाडू. केक नव्हताच. नानकटाईचे पीठ घरी मळून तालुक्याच्या बेकरीत भट्टीवर भाजून आणायचे, एवढाच काय तो बेकरीशी संबंध. दुपारी मटण आणि भाकरी.

इथवर सगळे छान चालले होते. मग आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याने, अगदी निर्मळ कुतूहलाने, विचारले, “पण ताई, हे तर सगळं दिवाळीचंच झालं. मग तुमचा खरा ख्रिसमस कुठला?”

ती म्हणाली, “दिवाळी तुमची असेल रे, पण कढई आमचीच होती.”

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न अजून सोडत नाही, कारण तो एकट्या त्या तरुणाचा नाही. मराठी ख्रिस्ती माणसाकडे पाहण्याच्या आपल्या दोन ठरावीक पद्धती आहेत आणि त्या दोन्ही या प्रश्नात आहेत. पहिलीत तो अर्धा साहेब असतो. त्याच्या घरी प्लम केक, वाइन आणि मोडके मराठी असायलाच हवे, चित्रपटांनी आपल्याला तसे शिकवले आहे. दुसरीत तो आपलीच नक्कल करणारा असतो. करंजी आपली, त्याने ती उसनी घेतली. पहिल्या पद्धतीला पुरेसा परकेपणा न सापडल्यामुळे आमच्या सहकाऱ्याने दुसरीचा आधार घेतला, इतकेच. उसनवारीचा हिशेब मांडायला आधी कोणीतरी सावकार ठरावा लागतो. करंजी तळणाऱ्या बाईच्या आजीने, पणजीनेही करंजीच तळली होती. मधल्या काळात घराण्याने देव बदलला म्हणून हातातले वळण परके होत नाही.

या दुसऱ्या पद्धतीचे एक गोड रूपही आहे, आणि मला ते अधिक धोक्याचे वाटते. “तुम्ही किती आपल्यासारखे आहात!” अशी ती शाबासकी असते. शाबासकी देणारा आपली पायरी सोडत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लिहिले, वसईच्या पर्यावरणासाठी लढा दिला, ‘सुवार्ता’चे संपादन केले. तरी उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतले गेलेच. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आपण सर्वांनी त्यांना मराठीचे थोर सेवक म्हटले. शाबासकी आणि आक्षेप या दोहोंमागे प्रमाणपत्र मागणारा एकच हात आहे. नगरच्या मैत्रिणीला करंजी आवडते. तिच्या मुलीला प्लम केक आवडतो. दोघीही पुरेशा मराठी आहेत, आणि आवडीनिवडीने ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

त्याच संध्याकाळी पुढे जे निघाले ते या लेखाचे खरे कारण आहे. तिच्या लहानपणी नाताळला शेजारी ताटे पाठवायची पद्धत होती. ताटावर आजीने विणलेला रुमाल. ताट रिकामे परत करू नये हा आपल्याकडचा संकेत, त्यामुळे ते साखर किंवा तांदूळ घालून परत येई. एका वर्षी ती ताट देऊन आली आणि काही वेळाने मागच्या बाजूने खेळत जाताना तिला दिसले की त्या घरच्या करंज्या गोठ्यातल्या म्हशीपुढे टाकल्या आहेत. तिने आजीला सांगितले. आजी म्हणाली, “ठाऊक आहे मला. आपण द्यायचं.” पुढच्या वर्षीही ताट गेले. नगर जिल्ह्यातली बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत, हे गावाला माहीत होते. येशूजन्माचा आनंद गावाने घेतला, त्यांच्या हातची करंजी मात्र नाकारली.

मग ती म्हणाली की काही वर्षांनी वडिलांना तालुक्याला नोकरी लागली, घर बदलले, आणि नाताळला ते बेकरीतून केकचे डबे आणून शेजाऱ्यांना देऊ लागले. अंडे नसलेले, खास सांगून करून घेतलेले. ते मात्र खाल्ले जात. समोर बसून, चहाबरोबर, तोंडभर कौतुक करीत.

मला वाटते, ‘खरा ख्रिसमस म्हणजे केक’ या समजुतीचा उलगडा साहेबी अनुकरणाने जितका होतो त्याहून अधिक या डब्याने होतो. केक दुकानातून येतो, त्याला कोणाचा हात लागलेला दिसत नाही. घरच्या करंजीला मुरड असते आणि मुरड घालणारी बोटे असतात. जिथे बोटांची अडचण आहे तिथे पुठ्ठ्याचा डबा सोयीचा ठरतो. केकच्या प्रसाराला इतरही कारणे आहेत हे उघड आहे. दूरचित्रवाणी आली, बेकऱ्या वाढल्या, शहरात करंज्या करायला वेळ उरला नाही, आणि मुलांना क्रीम आवडते. वसईत किंवा गोव्यात हे कारण याच रूपात लागू पडेल असेही माझे म्हणणे नाही. पण देशावरच्या ख्रिस्ती घरांपुरते बोलायचे तर करंजीकडून केककडे आणि नाताळकडून ख्रिसमसकडे झालेला हा प्रवास निव्वळ आवडीचा होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. घराच्या चवीने शेजार मिळत नव्हता, तो दुकानाच्या चवीने मिळाला.

आता साहित्याकडे येतो. हा हातांचा प्रश्न मराठीत मांडला गेलाच नाही असे नाही. तो नाशिकच्याच मातीतल्या एका बाईने मांडला आहे आणि आपण ते पुस्तक दर वर्षी शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वेड, बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टाहास, याने ‘स्मृतिचित्रे’ची पहिली पाने भरलेली आहेत. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० मध्ये. या दोन सालांच्या मध्ये जे आहे त्यात वेगळ्या चुली, वेगळे पाणी, नवऱ्याच्या हातचे चालेल की नाही, इतरांचे चालेल की नाही, असा एकेक पाऊल पुढे सरकणारा झगडा आहे. धर्मांतराची कथा ईश्वरविषयक वादांतून सांगितली जाते. लक्ष्मीबाईंनी ती स्वयंपाकघरातून सांगितली. सोवळे हे त्यांच्या दृष्टीने तत्त्वज्ञान नव्हतेच, ती हाताला आणि जिभेला लागलेली सवय होती. म्हणून ते सोडणेही हातानेच आणि जिभेनेच व्हावे लागले.

वर्गात मात्र आपण काय शिकवतो? विनोद. संसारातल्या गमती, विक्षिप्त पण प्रेमळ नवरा, भाषेचा घरगुती साधेपणा. हे सगळे त्या पुस्तकात आहे आणि ते अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण सोवळ्याच्या प्रसंगांना आपण हसून पुढे जातो, जणू ते एका वेडगळ वडिलांचे किस्से आहेत. लक्ष्मीबाई हसल्या त्या त्यातून बाहेर पडून. आपण बाहेर पडण्याआधीच हसतो. पुढच्या भागांतला ख्रिस्ती समाज, त्यातले सण, गरिबी, मिशनच्या आवारातले ताणतणाव, यांपाशी येईपर्यंत तास संपलेला असतो किंवा अभ्यासक्रमातला नेमलेला भाग संपलेला असतो.

नाशिकपुरते आणखी एक सांगण्यासारखे आहे. शरणपूर रोडवर आज कपड्यांची दुकाने आहेत, बँका आहेत, उपाहारगृहे आहेत. ‘शरणपूर’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीला मिळाले, हे त्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असते. या वसाहतीत मराठी ख्रिस्ती कुटुंबे होती, आणि अरबी समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलेही होती. डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांतला आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाला शवपेटीसोबत उपस्थित असलेला जेकब वेनराइट हा इथेच शिकलेला. पुढे इथल्या आफ्रिकन मंडळींपैकी अनेकांनी मोंबासाजवळच्या फ्रेरटाउनला जाऊन वस्ती केली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी नाशिकच्या एका आवारात इंग्रज धर्मोपदेशक, देशावरची मराठी कुटुंबे आणि पूर्व आफ्रिकेतली पोरकी मुले एकाच नाताळाला एकत्र बसत असणार. त्या पंगतीत ‘खरा ख्रिसमस’ कोणाचा होता हे आमच्या तरुण सहकाऱ्याने खुशाल सांगावे.

गीतांच्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि येशूजन्माची कथा मराठी ओवीत. सतराव्या शतकातल्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे ते पुन्हा छापले गेले १९०७ मध्ये मंगळूरला, रोमन लिपीत. देवनागरी आवृत्ती हाती यायला १९५६ साल उजाडले. तिकडे टिळकांनी आरंभलेले आणि त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी बहुतांश रचलेले ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा लक्ष्मीबाईही हयात नव्हत्या. पहिल्या पुस्तकाला आपण प्राचीन मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एका टिपेची जागा दिली आहे. दुसऱ्याला तीही नाही. त्या परंपरेतली पदे अजून डिसेंबरात पहाटे ढोलकीवर म्हटली जातात, या जिवंत गोष्टीची तर कोणत्याच पेपरात सोय नाही.

दिवाळी अंकांच्या परंपरेवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले, सूची झाल्या. १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’चे, १९०३ पासूनच्या ‘निरोप्या’चे आणि वसईच्या ‘सुवार्ता’चे नाताळचे अंक कोणत्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकत्र लावून ठेवलेले आहेत? एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी ‘ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रण’ हा विषय यंदा आणखी एकदा निवडण्याआधी कोणी विद्यार्थ्याने हे अंक घेऊन बसावे, अशी माझी जाहीर विनंती आहे. त्यात वाङ्मयीन गुणवत्तेचे सर्वच असेल असे नाही, पुष्कळसे बोधपर असेल, रटाळही असेल. दिवाळी अंकांतही ते असतेच. पण आपल्या सणाबद्दल स्वतःच्या वाचकांसाठी लिहिणारा माणूस ‘मी पुरेसा मराठी आहे’ हे सांगत बसत नाही. तो थेट चांदणीच्या कामट्या कशा वाकवाव्या यापासून सुरुवात करतो. साहित्याच्या अभ्यासकाला हवा असतो तो हा आवाज.

घरोघरच्या वह्यांचेही तसेच आहे. नगरच्या मैत्रिणीकडे तिच्या आजीची एक वही आहे. शाळेची, दोन रेघी. आजी चौथी शिकलेली होती. वहीत एका पानावर करंजीच्या सारणाचे प्रमाण आहे, शेराच्या मापात. खाली त्या वर्षी देवळात म्हटलेल्या पदांचे क्रमांक आहेत. त्याच्या खाली ज्या घरांत ताटे पाठवायची त्यांची यादी. घरांची नावे दर वर्षी तीच आहेत. म्हशीच्या घराचेही नाव आहे, त्यावर रेघ ओढलेली नाही.